शेकाला खाडा नको

कर्करोग समजून घेताना : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण गाठीचा तुकडा काढून का तपासतात ते पाहिलं. समजा, अहवालात जिभेचा कर्करोग निघाला आणि डॉक्टर म्हणाले, "पस्तीस शेक घ्यावे लागतील." शेक म्हणजे किरणोपचार. धाडमधल्या कुठल्याही घरात यावर पहिला प्रश्न येईल तो असा : रोज थोडं थोडं कशाला? एकदाच काय ते देऊन टाका की!

प्रश्न रास्त आहे. धाड हे बुलढाणा जिल्ह्याच्या काठावरचं गाव, पलीकडे भोकरदन म्हणजे जालना जिल्हा. शेक द्यायचं यंत्र गावात नाही. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, अकोला किंवा थेट मुंबईचं टाटा गाठावं लागतं. यंत्राखाली जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, बाकी दिवस वाटेत. सोमवार ते शुक्रवार, असे सात आठवडे.

हे वेळापत्रक डॉक्टरांच्या सोयीसाठी बनलेलं नाही. रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि लगेचच ते गाठींवर वापरले जाऊ लागले. एकदाच भरपूर मारा केला की गाठीबरोबर कातडीही भाजायची. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लोदियुस रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या माऱ्याने मेंढा निर्बीज करायला गेलं की कातडीची दुर्दशा व्हायची. मारा काही दिवसांत वाटून दिला की काम व्हायचं आणि कातडी शाबूत राहायची. तिथल्याच आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात घशाच्या रुग्णांना याच रीतीने बरं करून दाखवलं.

किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड पुढच्या काही तासांत बरीचशी सांधून घेते. कर्कपेशीचं दुरुस्तीचं काम बहुधा कच्चं असतं. म्हणून रोज साधारण दोन ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) द्यायचे आणि मध्ये रात्र सोडायची. निरोगी भाग सावरतो, गाठीचं नुकसान साचत जातं. तोंडा-घशाच्या कर्करोगात मुख्य उपचार शेकाचाच असेल तर बहुतेकदा ७० ग्रे, म्हणजे ३५ वेळा. ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे, ३० वेळा. स्तनाच्या कर्करोगात मात्र आता अनेकींचं १५ वेळांत भागतं.

आता खाड्याचं गणित. खुरपणी अर्ध्यावर सोडून आठ दिवस घरी बसलं तर उरलेलं तण मोकळ्या जागेत दुप्पट जोमाने वर येतं. तोंडा-घशाच्या गाठीत साधारण तीन-चार आठवड्यांनंतर असंच होतं : वाचलेल्या कर्कपेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. पोळ्याला चार दिवस, सोयाबीनच्या सोंगणीला आठवडा, पुतणीच्या लग्नाला तीन दिवस, अशा सुट्ट्या म्हणूनच महागात पडतात. शनिवार-रविवारची सुट्टी हिशोबात आधीच धरलेली असते, ही नसते.

शेक सुरू होण्याआधी एक दिवस साच्यासाठी जातो. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकतात, मऊ झाला की उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. कोमट, ओलसर लागतो. काही मिनिटांत कडक होतो. रोज हाच मुखवटा टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. किरण लागताना दुखत नाही, जाणवतही नाही. तंत्रज्ञ बाहेर असतात, पण कॅमेऱ्यातून बघत असतात. हात वर केला की यंत्र थांबवतात. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

खाडा दर वेळी रुग्णामुळेच पडतो असं नाही. वीज जाते, यंत्र बिघडतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचं यंत्र २००५ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात बसलं. आपल्याकडची वीज लक्षात घेऊन त्याला बॅटरीची जोड दिलेली आहे. कोबाल्ट-६० आपोआप किरण सोडतं, पण सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. मग तेवढ्याच मात्रेला दुप्पट वेळ लागतो. शेजारच्या रुग्णाला दुसऱ्या केंद्रात दोन मिनिटं आणि मला इथे चार, म्हणून मला जास्त शेक दिला, असं समजू नये. यंत्र बंद राहिलं, तर बुडालेला शेक शनिवारी किंवा एका दिवसात सहा तासांच्या अंतराने दोनदा देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं.

खाड्याचं सर्वांत मोठं कारण मात्र तोंड. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, चव जाते, लाळ आटते. भोकरदन-धाडचा पट्टा मिरचीचा. ठेच्याशिवाय घास उतरत नाही अशांची इथे खरी परीक्षा. मऊ वरणभात, दूध, शिरा, उकडलेलं अंडं यावर दिवस काढावे लागतात. वजन उतरलं की मुखवटा सैल होतो आणि नवा साचा, नवं नियोजन करण्यात पुन्हा दिवस जातात. डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली तर "आता संपलं" असं घरच्यांनी समजू नये. उपचार न थांबता पूर्ण व्हावा, यासाठीच ती असते.

म्हणून पहिल्या शेकाआधी चार कामं उरकावीत. दात तपासून किडलेले काढून घ्यावेत. शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम भरायला फार त्रास होतो. तंबाखू, गुटखा बंद. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची नोंद करावी. शेकाचा खर्च तिच्यात बसतो. आणि शहरात सात आठवडे राहायची सोय बघावी : नातेवाईक, धर्मशाळा, भाड्याची खोली, काहीही. रोज येऊन-जाऊन करू म्हणणारे चौथ्या आठवड्यात थकतात आणि गाठीला नेमकी तेव्हाच सवड मिळते.

पुढील भागात : गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतून दिला जाणारा शेक, ब्रॅकीथेरपी.