विश्लेषण : महिला ग्रामसभेचा ठराव नेमका कुठे अडतो? माणगावच्या वाड्यावस्त्यांसाठी तारखा का महत्त्वाच्या?

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात बचतगटाची मासिक बैठक आता बहुतेक गावांच्या अंगवळणी पडली आहे. हप्त्यांचा हिशेब झाला की विषय निघतात ते नळाच्या पाण्याचे, अंगणवाडीच्या गळक्या छपराचे, दारूच्या दुकानाचे. बैठक संपली की हे विषयही तिथेच संपतात. वास्तविक ते पुढे नेण्यासाठी कायद्याने महिलांना स्वतंत्र व्यासपीठ दिले आहे, ते म्हणजे महिला ग्रामसभा. तिला ना पक्षाचा झेंडा लागतो, ना वर्गणी. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक महिला तिची सदस्य असते.

महिला ग्रामसभा म्हणजे काय?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा त्यासाठी ठरलेल्या असतात. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सदस्यांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. या सभेतील शिफारशी नंतरच्या ग्रामसभेपुढे मांडायच्या असतात.

वेगळ्या सभेचे कारण सरळ आहे. सासरा, दीर आणि गावपुढारी समोर बसलेले असताना अनेक जणी तोंड उघडत नाहीत. आधी आपापसांत बोलून मागणी पक्की झाली, की दुसऱ्या दिवशी ती एकटीची राहत नाही.

माणगाव शहरातील महिलांचे काय?

माणगाव शहरात आता नगरपंचायत आहे. तिथे १७ नगरसेवकांपैकी निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, पण ग्रामसभा मात्र नसते. त्यामुळे शहरातील महिलेला आपला प्रश्न प्रभागातील नगरसेवकामार्फत मांडावा लागतो. ग्रामपंचायत असलेल्या गावातील महिला मात्र थेट सभेत उभी राहून प्रश्न विचारू शकते. हा फरक अनेकींच्या लक्षात येत नाही.

ठराव अडतो कुठे?

बहुतेक वेळा चर्चा होते, पण नोंद होत नाही. ग्रामसेवक, म्हणजे आताच्या पदनामानुसार ग्रामपंचायत अधिकारी, इतिवृत्त लिहितो. ‘महिलांनी विविध विषयांवर चर्चा केली’ एवढेच वाक्य त्यात आले, तर पुढे पाठपुरावा करायला हाती काहीच उरत नाही. मागणी काय, जागा कोणती, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे स्पष्ट लिहिलेले असेल तरच पंचायत समितीपर्यंत तो कागद उपयोगी पडतो.

दुसरी अडचण गणपूर्तीची. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी महिला आल्या आणि सभा तहकूब झाली, तर पुढच्या तारखेला मोजक्या लोकांत निर्णय होऊ शकतात. त्यामुळे तहकूब सभेची तारीख विचारून ठेवणे तितकेच गरजेचे ठरते.

वाडीवरच्या महिला सभेला का दिसत नाहीत?

माणगाव परिसरात कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी आणि कोळसाभट्टीच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आता सभांच्या चार तारखा पाहा. २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही सभांच्या वेळी ही कुटुंबे गावात नसतात. उरतात १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्यातही ऑगस्टमध्ये शेतीची मजुरी सुरू असते.

पालघर, नाशिकसारख्या जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रांत पेसा कायद्यामुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे वाडीच्या महिलांना गावच्या सभेतच यावे लागते. घरकुल, जातीचा दाखला, पाणी, स्मशानाची जागा असे त्यांचे विषय गावातील महिलांनी जानेवारीच्या सभेत मांडले नाहीत, तर ते पावसाळ्यापर्यंत लांबतात.

निधी असतो का?

असतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. गाव लहान असेल तर ही रक्कमही लहानच असते. तरीही ती किती होती आणि कशावर खर्च झाली, हे विचारणे हा सभेतला सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक प्रश्न आहे. उत्तर टाळले गेल्यास माहितीच्या अधिकारात खर्चाचा तपशील आणि इतिवृत्ताची प्रत मागता येते.

‘आडव्या बाटली’चे गणित

परवानाधारक दारू दुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की पडताळणीनंतर गुप्त मतदान घेतले जाते. ‘आडवी बाटली’ म्हणजे दुकान बंद, ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान सुरू. मात्र बहुमत मोजले जाते ते यादीतील एकूण महिला मतदारांवर, मतदानाला आलेल्या महिलांवर नाही.

कोकणात हीच मेख आहे. समजा, यादीत ४०० महिला आहेत. दुकान बंद होण्यासाठी किमान २०१ मते हवीत. त्यातील १२० जणी कामानिमित्त मुंबईत असतील तर गावात राहिल्या २८०. म्हणजे गावातल्या दर दहा जणींपैकी सात जणींहून अधिक महिलांनी ‘आडवी बाटली’ निवडायला हवी. मुंबईला गेलेली प्रत्येक गैरहजर महिला नकळत ‘उभ्या बाटली’च्या पारड्यात मोजली जाते. म्हणून मतदानाच्या दिवशी चाकरमानी महिलांना गावी आणणे हेच या मोहिमेचे मुख्य काम ठरते. अवैध हातभट्टीसाठी मार्ग वेगळा आहे. त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावातून ग्रामरक्षक दल स्थापन करता येते.

महिला सरपंच असली की पुरे का?

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण खुर्ची मिळाली म्हणून कारभार हाती येतोच असे नाही. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचाला सरकारी जमिनीवरील घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवण्यात आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि निवडून आलेल्या महिलेला पदावरून हटवण्याकडे इतक्या सहजपणे पाहता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्या सरपंचाला दिल्लीपर्यंत जावे लागले. गावातील महिला सभेला नियमित येत असतील, तर महिला सरपंचाला पहिला आधार गावातच मिळतो.

सभेला जाण्यापूर्वी एवढे करा

- सभेची नोटीस किती तारखेला लागली, ते पाहा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- बचतगटाच्या बैठकीत दोन किंवा तीनच मागण्या निवडा आणि त्या लिहून न्या.
- सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा.
- सही करण्यापूर्वी इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या पानावर सही करू नका.
- पुढच्या सभेत पहिला प्रश्न मागच्या ठरावाचा विचारा.

ठरलेल्या ग्रामसभा सबळ कारणाशिवाय न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो, इतकी कायद्याची बाजू भक्कम आहे. पण सभा झाली का, हे विचारायला आधी तिथे कुणीतरी हजर असावे लागते.