मुदत संपलेली किल्ली

महिन्याची सहा तारीख होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. संगमेश्वर तालुक्यातल्या माहेरच्या घरी, पडवीत मोबाइलची रेंज जरा बरी मिळते त्या कोपऱ्यात मी लॅपटॉप घेऊन बसले होते. माजघरात आई झोपली होती. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला आठ दिवस झाले होते. तेवढे दिवस मी रजा काढली होती आणि पुढचे पंधरा दिवस घरूनच काम करण्याची परवानगी मिळवली होती. चाकण परिसरातल्या एका कारखान्याच्या वेतन विभागात मी काम करते. २८० कंत्राटी कामगारांच्या पगाराची यादी तपासायची आणि साहेबांच्या मंजुरीसाठी पुढे पाठवायची, एवढेच त्या सकाळचे काम होते. फार तर तासाभराचे.

लॅपटॉपने नेहमीचा पासवर्ड विनातक्रार घेतला. पण कारखान्याच्या संगणकजाळ्यात शिरायचे, तर आधी व्हीपीएन जोडावे लागते. इंटरनेटच्या हमरस्त्याखालून काढलेला हा खासगी बोगदा. त्याचे एक तोंड आपल्या पडवीत, दुसरे कार्यालयात. तिथे तोच पासवर्ड दिला, तर उत्तर आले : नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. पुन्हा दिला, पुन्हा तेच. मग एकेक अक्षर तपासून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा दिला. पाचव्या खेपेनंतर यंत्राने माझे खातेच बंद करून टाकले.

वास्तविक पासवर्ड चुकला नव्हता. त्याची मुदत संपली होती. आमच्याकडे दर ९० दिवसांनी तो बदलावा लागतो. तशा सूचनाही आल्या होत्या, पण त्या कार्यालयाच्या ई-मेलवर, आणि तो ई-मेल व्हीपीएनशिवाय उघडत नाही. मी त्या आठवड्यात रुग्णालयातल्या बाकड्यावर बसून औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळत होते. कार्यालयात असते तर सकाळी संगणक सुरू करतानाच त्याने हटकले असते, मी तिथल्या तिथे नवा पासवर्ड दिला असता आणि दोन मिनिटांत विषय संपला असता. अडीअडचणीला घरी गेलेल्या माणसालाच हा नियम नेमका गाठतो.

आधी वेड की आधी लग्न?

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. कोणाचा पासवर्ड काय, त्याची मुदत कधीची, याची मूळ नोंदवही कार्यालयातल्या एका मुख्य संगणकाकडे असते. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. बाहेरगावी गेलेल्या लॅपटॉपला ही वही दिसत नाही. म्हणून तो मागच्या यशस्वी प्रवेशाची खूण स्वतःजवळ जपून ठेवतो आणि तिच्याशी पडताळून आपल्याला आत घेतो. त्यामुळे लॅपटॉपच्या लेखी माझा जुना पासवर्ड खरा होता, कार्यालयाच्या लेखी बाद. तो बदलायचा, तर मूळ वहीपर्यंत पोचायला हवे. तिथे पोचायला व्हीपीएन हवे. आणि व्हीपीएनला मुदतीतला पासवर्ड हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, या आपल्याकडच्या जुन्या म्हणीची ही संगणकी आवृत्ती!

मदतकक्षाला फोन लावला. ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले, की पासवर्ड बदलण्यासाठी कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर जा. अंतर्गत, म्हणजे पुन्हा बोगद्यापलीकडे. बऱ्याच वेळाने एक तरुण फोनवर आला. बोलायला अदबशीर. त्याने माझा कर्मचारी क्रमांक विचारला, रुजू झाल्याची तारीख विचारली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, तुमच्या साहेबांचं संमतीचं ई-मेल आल्याशिवाय मला काही करता येणार नाही.’’ साहेब बैठकीत होते. संमती आली तेव्हा तीन वाजून गेले होते. त्याने तात्पुरता पासवर्ड दिला, तोही चालेना. कारण ‘पहिल्याच प्रवेशाला हा बदलावा’ अशी त्यावर खूण होती, आणि आमच्या व्हीपीएनच्या दारात उभे राहून पासवर्ड बदलण्याची सोयच नव्हती. मग त्याने ती खूण काढली. बोगदा उघडला तेव्हा साडेपाच वाजले होते. मंजुरी देणारे साहेब विमानतळाकडे निघून गेले होते आणि हे काम जाणणारी माझी दुसरी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती.

पगार सात तारखेला दुपारी जमा झाले. कायद्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, तो झाला. कागदोपत्री कुणाचीच चूक नव्हती. पण आमच्याकडे पगार नेहमी सहालाच होतो, आणि त्या हिशेबाने एका वेल्डरने मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता सात तारखेचा लावून घेतला होता. सकाळी बँकेने हप्ता उचलायला हात घातला, तेव्हा खात्यात पैसे नव्हते. हप्ता परत गेला, वर दंड बसला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. रागावला नव्हता. त्याने एवढेच विचारले, ‘‘ताई, पासवर्ड तुमचा गेला, मग दंड मला कसा?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मग मी या ९० दिवसांच्या नियमाच्या मुळाशी जायचे ठरवले.

नियमाची कुळकथा

संगणकाला परवलीचा शब्द चिकटला तो १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फायली आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ वेगळा राहावा, म्हणून पासवर्ड आला. आणि १९६२ मध्येच अ‍ॅलन शेर या तिथल्याच संशोधकाने, आपल्याला मिळणारा वेळ पुरत नाही म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादी संगणकाकडूनच छापून घेतली! कुलूप आणि कुलूप उघडणारा अशी दोघांची जोडी पहिल्यापासूनची.

पासवर्डला वय असावे, हा विचार पुढचा. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातला हिशेब सरळ होता. कुणी एकामागून एक अंदाज करत बसला, तर कधीतरी त्याला पासवर्ड सापडणारच. तो सापडण्याआधीच बदलावा. तरीही त्या मार्गदर्शिकेने सांगितलेली कमाल मुदत एक वर्षाची होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, बिल बर या अधिकाऱ्याने लिहिलेली सूचनावली प्रसिद्ध केली. मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे यांची सरमिसळ आणि ठरावीक काळाने बदल, हा पाठ तिच्यामुळे जगभरच्या कार्यालयांत रुजला. या गृहस्थांनी निवृत्तीनंतर २०१७ मध्ये एका वृत्तपत्राला मुलाखत दिली. आपण लिहिलेल्या पुष्कळशा सूचनांचा आता पश्चात्ताप होतो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. हाताशी पुरेशी माहिती नव्हती, वेळ थोडा होता आणि आधार मुख्यतः १९८० च्या दशकातल्या जुन्या टिपणाचा होता.

माणूस या सक्तीपुढे काय करतो, ते आपण सगळे जाणतो. ‘ganpati’ला मोठे अक्षर, पुढे चिन्ह आणि आकडा लावायचा. तीन महिन्यांनी आकडा एकने वाढवायचा. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी बंद झालेल्या सुमारे ७,७०० खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. एखाद्याचा जुना पासवर्ड ठाऊक असेल, तर सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येत होता. म्हणजे ज्या चोराला रोखण्यासाठी हा खटाटोप, त्याला तो फारसा अडवत नाही.

यानंतर शहाणपणाची दिशा बदलली. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये मुदतीची सक्ती नको, असा सल्ला दिला. २०१७ मध्ये निस्टने आपलीच जुनी शिकवण मागे घेतली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर तो जरूर बदलायला लावा, नुसते दिवस भरले म्हणून नको. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठीच्या सुरक्षा शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला. निस्टच्या २०२५ च्या आवृत्तीत तर ‘करू नये’चे ‘करताच कामा नये’ झाले आहे.

दरवाजा आणि कडा

मग आमच्या कारखान्यात तो का टिकून आहे? मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘ऑडिटवाले विचारतात.’’ हे अगदीच खोटे नाही. ग्राहक कंपन्यांच्या करारांत, तपासणीच्या छापील तक्त्यांत ९० दिवसांचा रकाना अजून असतो. कार्डव्यवहारांच्या सुरक्षेसाठीच्या जागतिक नियमावलीतही, जिथे केवळ पासवर्डवरच प्रवेश मिळतो तिथे, ९० दिवसांचा पर्याय कायम आहे. रकाना भरला की जबाबदारी संपते. तो मोडीत काढायचा, तर कुणालातरी सही करावी लागते, आणि सही करायला कोण पुढे येणार?

नियमाच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते कुणी बंद केले नाही किंवा विभागातल्या चौघांनी एकच पासवर्ड वाटून घेतला, तर मुदत संपल्याने निदान कधीतरी दार बंद होते. पण हा मूळ आजारावरचा उपाय नव्हे. गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करणे आणि पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरची दुसरी खातरजमा ठेवणे, हा खरा उपाय.

शिवाय या सक्तीमुळे एक नवाच धोका तयार होतो. दर आठवड्याला डझनभर खरे कर्मचारी रडकुंडीला येऊन मदतकक्षाला फोन करत असतील, तर तेराव्या खोट्या आवाजाचा संशय कोण घेणार? २०२३ च्या सप्टेंबरात लास व्हेगासच्या एमजीएम या कॅसिनो कंपनीवर संगणकहल्ला झाला. कंपनीने सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका बसल्याचे जाहीर केले. हल्लेखोरांनी कर्मचारी असल्याचे भासवून मदतकक्षालाच फोन केला होता, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. ते वाचल्यावर, मला साहेबांच्या संमतीसाठी तिष्ठत ठेवणाऱ्या त्या तरुणावरचा माझा राग गेला. तो त्याचे काम चोख करत होता. चूक त्याच्याही वरच्या पायरीवर होती.

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले, नियम म्हणजे नियम, आणि घरी तान्हे बाळ. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा सन्मान केला, आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. गोष्टीतला हा दुसरा भाग आपण विसरतो. प्रामाणिक माणूस नियमाला वळसा घालून जातो, तेव्हा तो तटातली कच्ची जागा दाखवून देत असतो. आकडा एकने वाढवणारा कर्मचारी किंवा पासवर्ड कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवणारा कारकून हे त्याच कड्यावरून उतरत असतात. त्यांना दरडावून बुरूज उभा राहत नाही.

तोवर आपण काय करायचे? अनुभवाने शिकले ते सांगते. लांबच्या रजेवर जाण्याआधी, मुदत शिल्लक असली तरी, कार्यालयात बसूनच पासवर्ड बदलावा. मदतकक्षाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. लॅपटॉपमध्ये ठेवलेला ऐनवेळी कामाला येत नाही. दोनदा नकार आला, की थांबावे. पाचव्यांदा हट्ट करू नये. नवा पासवर्ड मिळाल्यावर आधी व्हीपीएन जोडावे, ते चालू असतानाच लॅपटॉप लॉक करावा आणि नव्या पासवर्डने उघडावा. म्हणजे त्याची जुनी आठवण पुसली जाते. नाहीतर लॅपटॉपला जुना आणि कार्यालयाला नवा, असा दोन पासवर्डांचा संसार करावा लागतो. मोबाइलवर कार्यालयाचा ई-मेल असेल, तर तिथेही लगेच नवा पासवर्ड भरावा. तो बिचारा जुन्याच किल्लीने दार ठोठावत राहतो आणि खाते पुन्हा बंद पाडतो. आणि पासवर्ड फोनवर कुणालाही सांगू नये, मदतकक्षालाही नाही. खरा मदतनीस तो कधी विचारत नाही.

मी कार्यालयाला लेखी कळवले आहे, की मुदतीची सूचना निदान मोबाइलवर संदेशानेही यावी, पगाराच्या मंजुरीला दुसरा माणूस असावा आणि ९० दिवसांच्या नियमाचा एकदा फेरविचार व्हावा. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरी ‘विचाराधीन’ आहे. वेल्डरच्या दंडाचे पैसे कंपनीच्या कुठल्याच खात्यात बसत नव्हते. ते मी दिले. तो घेत नव्हता, म्हणाला, ‘‘तुमची काय चूक, ताई?’’ स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढच्या मुदतीची तारीख मी लाल शाईने गोल करून ठेवली आहे. दुधाचे खाडे लिहिलेल्या चौकोनांच्या शेजारीच ती दिसते.