तीन वर्षांचं ‘वाक्य’: शिक्षेचे इंग्रजी शब्द

नेहमीप्रमाणे जयपूरहून बोलते आहे. इथे जवाहरलाल नेहरू मार्गावर ‘शिक्षा संकुल’ अशी मोठी पाटी आहे. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा ती पहिल्यांदा वाचतो तेव्हा हमखास दचकतो. आत शिक्षण खात्याची कार्यालयं आहेत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि आपण ज्याला शिक्षा म्हणतो ती त्यांची सज़ा. संस्कृतातला मूळ अर्थ शिकण्याचाच. मराठीनं तो छडीपर्यंत आणून सोडला.

एवढ्या जवळच्या दोन भाषांत ही गंमत, मग इंग्रजीचं काय विचारता! आजचे शब्द मी शब्दकोशातून निवडलेले नाहीत. ते एका वहिनींनी पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले.

जयपूरच्या जौहरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत सोनं-चांदी गाळणारी आपली माणसं आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली. गलाईवाले म्हणून ती देशभर पसरलेली आहेत. या वहिनी त्यांच्यातल्याच. दिरावर फसवणूक आणि विश्वासघाताचा खटला चालला होता. खालच्या कोर्टाचा निकाल हिंदीत होता, तो त्यांना कळला. वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत आला आणि घर अडलं. नववीतल्या मुलानं वाचायचा प्रयत्न केला होता. पहिल्याच ओळीत ‘सेन्टेन्स’ आलं. तो म्हणाला, “आई, काकाला तीन वर्षांचं वाक्य दिलंय.”

हसू नका, मुलगा फारसा चुकला नव्हता. ज्या लॅटिन शब्दापासून सेन्टेन्स आला त्याचा अर्थ ‘मत’. न्यायाधीशानं बोलून दाखवलेलं मत ते सेन्टेन्स, आणि बोललेलं पुरं म्हणणं तेही सेन्टेन्स. व्यवहारात एक लक्षात ठेवा: ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे दोषी ठरला आणि ‘सेन्टेन्स्ड’ म्हणजे किती भोगायचं ते ठरलं. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. वहिनींच्या कागदावर दोष कायम होता, शिक्षा कमी झाली होती. “सुटला की नाही?” या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन शब्दांत होतं. सुटला नव्हता.

आता हिशेब. फसवणुकीच्या कलमाखाली तीन वर्षं, विश्वासघाताखाली एक वर्ष, शिवाय दहा हजार दंड, आणि पुढे कुठेतरी ‘तीन महिने’. घरच्यांनी सगळे आकडे जमेला धरले: चार वर्षं तीन महिने. एवढा काळ एकट्या भावाला भट्टी झेपणार नाही, म्हणून गाळा सोडून गावी परतायचं जवळजवळ ठरलं होतं. मालकाला तसं कळवायचं बाकी होतं.

पण आकड्यांच्या मध्ये एक शब्द होता, ‘कन्करंटली’. म्हणजे सोबत, एकाच वेळी. दोन्ही शिक्षा एकाच दिवशी सुरू होतात आणि लहान शिक्षा मोठीच्या पोटात संपते. तीन आणि एक मिळून तीनच. याच्या उलट शब्द ‘कन्सेक्युटिव्ह’, म्हणजे एक संपली की दुसरी. मराठी वाचकाला त्याचं उदाहरण वेगळं द्यायला नको: सावरकरांना डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये झालेल्या दोन जन्मठेपा एकीमागून एक भोगायच्या होत्या, म्हणून त्या पन्नास वर्षांच्या झाल्या. आणि एक खाचही ध्यानात ठेवा. एकाच खटल्यातल्या अनेक शिक्षांबद्दल न्यायालय काहीच बोललं नाही, तर १ जुलै २०२४ पूर्वीच्या आपल्या कायद्यानं त्या एकीमागून एक चालत. म्हणजे कन्करंटली हा शब्द कागदावर असणं-नसणं म्हणजे इथे एका माणसाचं एक वर्ष होतं.

मग ते तीन महिने. वाक्य असं होतं की दंड ‘इन डिफॉल्ट’ राहिल्यास आणखी तीन महिने साधी कैद. मोबाईलमुळे डिफॉल्ट हा शब्द आपल्याला ‘आपोआप असलेलं’ या अर्थानं माहीत झालाय. डिफॉल्ट सेटिंग, डिफॉल्ट रिंगटोन. मुलानंही तोच अर्थ लावला: तीन महिने आपोआप आहेतच. कायद्याच्या इंग्रजीत डिफॉल्ट म्हणजे कसूर, चुकवणं. कर्जाचा हप्ता चुकवणारा डिफॉल्टर असतो ना, तोच हा शब्द. दंड भरला की ते तीन महिने उरतच नाहीत. अर्धवट भरला तर त्या प्रमाणात कमी होतात. मात्र न भरल्यास ही कैद मूळ शिक्षेवर चढते, तिच्या पोटात जात नाही. वहिनींच्या घरात दहा हजार रुपये होते. ते भरायचे आहेत हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

‘फाइन’ आणि ‘पेनल्टी’ यांतही फरक आहे. फाइन ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ शेवट: पैसे देऊन प्रकरण मिटवणं. फिनिश त्याच घरातला. पेनल्टी आणि पनिशमेंट हे पीडेच्या घरातले, ‘पेन’ म्हणजे दुखणं त्यांचंच भावंड. फाइन रोख असतो. पेनल्टी कशाचीही असू शकते, फुटबॉलमधली सुद्धा. कलमं वाचताना ‘ऑर’ आणि ‘अँड’ बघायची सवय लावा. भारतीय दंड संहितेतल्या विश्वासघाताच्या ४०६ कलमात कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं होतं. फसवणुकीच्या ४२० मध्ये कैदेशिवाय दंडही होता, तिथे ‘किंवा’ नव्हतं. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. ‘चारसोबीस’ मात्र बोलण्यातून इतक्यात जाईल असं वाटत नाही.)

शेवटच्या परिच्छेदात ‘सेट ऑफ’ होतं. प्रवासाला निघणं नव्हे. इथे त्याचा अर्थ वजावट. खटला चालू असताना दीर अकरा महिने आत होते. तेव्हा ते कच्चे कैदी, इंग्रजीत ‘अंडरट्रायल’. दोषी ठरलेला तो ‘कन्व्हिक्ट’, पक्का. कच्चेपणी काढलेले दिवस पक्क्या शिक्षेतून वजा होतात. तीन वर्षांतून अकरा महिने गेले, उरली दोन वर्षं एक महिना. चार वर्षं तीन महिन्यांच्या जागी! मी वकील नाही, भाषा शिकवते, म्हणून वहिनींना सांगितलं की हा हिशेब वकिलाकडून पक्का करून घ्या. तो पक्का निघाला.

मग त्यांनी विचारलं, “ताई, पॅरोल म्हणजे जामीनच ना?”

नाही. जामीन म्हणजे ‘बेल’, आणि तो खटला किंवा अपील चालू असताना मागायचा. पॅरोल पक्क्या कैद्यासाठी. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘शब्द’. आपण ‘शब्द दिला’ म्हणतो तो. पकडलेला सैनिक पुन्हा लढणार नाही असा शब्द देई आणि त्या भरवशावर त्याला सोडत. ‘फर्लो’ मूळचा डच, अर्थ रजा. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनी हे दोन्ही वेगळे ठेवले आहेत: फर्लो ही ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी रजा, तिचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोल घरच्या अडचणीसाठी, त्याचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. राजस्थानात नेहमीच्या रजेलाही पॅरोलच म्हणतात, पहिल्या वेळी २० दिवस, मग ३०, मग ४०. त्यामुळे सांगलीच्या नातेवाइकानं फोनवर दिलेला फर्लोचा सल्ला जयपूरला जसाच्या तसा चालत नाही.

दिलेल्या शब्दाचं पुढचं रूप बघायचं तर शहराच्या दक्षिणेला सांगानेरला. तिथे १९६३ पासून खुलं कारागृह आहे. राजस्थानचे तेव्हाचे राज्यपाल संपूर्णानंद यांचं नाव त्याला दिलेलं आहे. इंग्रजीत ‘ओपन प्रिझन’. शब्दच परस्परविरोधी वाटतो, पण तिथे कैदी बायकामुलांसह राहतात, दिवसा बाहेर जाऊन स्वतःचं पोट भरतात आणि ठरल्या वेळी हजेरीला परततात. तिथली काही जागा रुग्णालयाला द्यायचं ठरलं तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये न्यायालयानं त्यात लक्ष घातलं. मी हे सांगत होते आणि वहिनी म्हणाल्या, “असलं आमच्याकडं पण हाय की, स्वतंत्रपूर.” बरोबर! आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ मध्ये औंध संस्थानात सुरू झालं, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून. त्याच प्रयोगावरून १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. कथा गदिमांची, आणि तेही त्याच मुलखातले.

माफीच्या शब्दांची गल्लत वर्तमानपत्रंसुद्धा करतात. ‘पार्डन’ म्हणजे क्षमा, दोष आणि शिक्षा दोन्ही जातात. ‘कम्युट’ म्हणजे शिक्षेचा प्रकार बदलणं, फाशीची जन्मठेप करणं. मूळ अर्थ अदलाबदल. ‘रेमिशन’ म्हणजे प्रकार तोच, मुदत कमी. राष्ट्रपती आणि राज्यपालांचे हे अधिकार राज्यघटनेच्या ७२ आणि १६१ या अनुच्छेदांत आहेत.

आणि जन्मठेप चौदा वर्षांची नसते. नसतेच. काळ्या पाण्याची ‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ कायद्यातून १९५६ च्या आरंभी गेली आणि ‘इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ’ आली. तिच्यातलं लाइफ म्हणजे आयुष्यभर. गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये हेच सांगितलं. चौदाचा आकडा नंतरच्या एका कलमातून लोकांच्या डोक्यात बसला: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षांआधी सूट देऊन सोडता येत नाही, एवढंच ते कलम म्हणतं. चौदा झाली की दार उघडतं असं ते म्हणत नाही.

‘सँक्शन’ राहिला. बँकेनं कर्ज सँक्शन केलं तर पेढे वाटतात, एखाद्या देशावर सँक्शन्स लावले तर व्यापार बंद होतो. मंजुरी आणि निर्बंध, दोन्ही अर्थ खरे. बहुतेक वेळा अनेकवचन दिसलं की निर्बंध समजा.

वहिनींनी निघताना निकालाच्या झेरॉक्सच्या पाठीमागे सगळं मराठीत लिहून मागितलं. मी पाच ओळी लिहिल्या आणि दंडाच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. चार दिवसांनी त्यांनी फोनवर पावतीचा फोटो पाठवला. वर हिंदीत छापलेलं होतं, ‘अर्थदंड’. खाली त्यांनी लिहिलं होतं, भरले बघा, आणि गाळा ठेवतोय.