मोफत वस्तुवाटप, ब्लॉगलेखक आणि कंपनीचे सामाजिक उत्तरदायित्व : शिरूर-दौंड परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :
शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या परिसरातील महाविद्यालयांचा कंपन्यांशी वरचेवर संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमसंस्कार शिबिरात वह्या, साबण, सॅनिटरी नॅपकिन यांचे मोफत वाटप आता नवे राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शिबिरात मात्र वाटपासोबत कंपनीने एक ब्लॉगलेखिकाही आणली. मुलींना पाकीट हाती धरून कॅमेऱ्याकडे पाहण्यास सांगण्यात आले आणि ‘सामाजिक उत्तरदायित्व उपक्रमांतर्गत’ साहित्य मिळाल्याचे आभारपत्र महाविद्यालयाकडे मागण्यात आले. असे वाटप दान ठरते की जाहिरात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्तरदायित्वाची कायदेशीर व्याप्ती :
कंपनी कायदा 2013 मधील कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. त्यातील निकषांत बसणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. यातील ‘खर्च’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतःच्या उत्पादनाची किंमत लावून ती या खर्चात दाखविता येत नाही, असे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या 25 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या नियमदुरुस्तीनुसार उत्पादनास विपणनाचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या स्वरूपात केलेले साहाय्यही वगळण्यात आले. म्हणजेच साबणाच्या कारखान्याने आपलाच साबण वाटून त्याचा गाजावाजा केला, तर त्यास फार तर सद्भावना म्हणता येईल. कलम 135 खालील खर्च म्हणता येणार नाही. व्यवहारात ही रक्कम बहुधा विक्रीवाढीच्या तरतुदीतूनच येत असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ब्लॉगलेखकाचे दायित्व :
अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्येच ब्लॉगलेखकांना मोफत मिळालेल्या वस्तूंचा उल्लेख आवश्यक मानला. आपल्याकडे भारतीय जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे 2021 मध्ये आली. त्यांनुसार न मागता आलेली मोफत वस्तूदेखील ‘हितसंबंध’ ठरते. मजकूर मराठीत असेल तर ‘जाहिरात’ हा शब्दही वाचकास कळेल अशा रीतीने मराठीत यावा, हे ओघानेच आले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसे घडल्यास ही मर्यादा 50 लाखांपर्यंत जाते. आयकर विभागानेही 16 जून 2022 च्या परिपत्रकात अशी वस्तू लेखकाने स्वतःकडे ठेवल्यास ती त्याचा लाभ मानली, परत केल्यास नाही. (गावातील मुलीला मिळालेले पाकीट आणि लेखिकेला मिळालेले पाकीट एकाच खोक्यातील असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते एक नव्हे.)

महाविद्यालयाचे स्थान :
‘तुम्ही लिहा, प्रत्येक लेखामागे आम्ही एका शाळेस वस्तू देऊ’ अशा योजनेत लेखकाला पुण्य आणि कंपनीला प्रसिद्धी मिळते. लाभार्थी मात्र जाहिरातीतील विनामोबदला पात्र होतो. कनिष्ठ महाविद्यालयातील मुली बहुतांशी अठरा वर्षांखालील असतात. मासिक पाळीसारख्या विषयावरील चित्रफितीत त्यांचा चेहरा दिसावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कार्यक्रमाधिकाऱ्याला कोणी दिलेला नाही. पालकांच्या लेखी संमतीवाचून चित्रीकरण होऊ देऊ नये. वस्तू नाकारावी असा याचा अर्थ नाही. गरज खरी असते, आणि ती भागविण्यास पाकीट उपयोगी पडतेच. परंतु चित्रीकरण ही वाटपाची अट असेल, तर तसे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे व शिबिराच्या नोंदवहीत नमूद करावे.

आमच्या शिबिरात चित्रीकरण थांबविण्यात आले, वाटप पूर्ण झाले. आभारपत्राच्या मसुद्यातील ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हे शब्द वगळून प्राचार्यांच्या संमतीने ‘उत्पादनाचे मोफत नमुने प्राप्त झाले’ असे लिहिण्यात आले. ते पत्र नेण्यास कंपनीकडून कोणी आले नाही.