तेल्याचा जंतु आपलीं हत्यारें केव्हां उघडतो?

इंदापूर व बारामती या तालुक्यांतील डाळिंबाच्या बागाईतदारांस तेल्या रोगाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पानावरील तेलकट ठिपका, फांदीवरील काळा चट्टा आणि डाग पडून तडकलेलें फळ सर्वांनीं पाहिलेलें आहे. कित्येकांनीं या रोगापायीं उभ्या बागा उपटून टाकिल्या. झँथोमोनास जातीचा एक जंतु या रोगास कारण होय. आपल्या देशांत त्याची नोंद १९५२ सालीं झाली, आणि महाराष्ट्रांत त्यानें या शतकाच्या आरंभापासून कहर मांडिला.

जंतु पानावर पडला कीं रोग झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. या कुळांतील जंतूंपाशीं झाडाच्या पेशींत आपलीं द्रव्यें टोचण्याची एक अतिसूक्ष्म नळी असते. ती बांधण्याची आज्ञा ज्या जनुकांत असते, तीं जनुकें सदासर्वदा जागीं नसतात. नळी बांधणें खर्चाचें काम आहे. पेरणीची वेळ नसतां कोणी शहाणा शेतकरी तिफण जुंपीत नाहीं. प्रयोगशाळेंत सकस अन्नावर वाढविलेल्या जंतूचीं हीं जनुकें निजलेलीं असतात. पानाच्या आंत, पेशींमधील पोकळींत, अन्नाची तंगी असते. ही तंगी हीच त्याची खूण होय.

मिरची व टोमॅटो यांवरील सजातीय जंतूंत उल्ला बोनास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं ‘एचआरपीजी’ या नियामकाचा शोध प्रसिद्ध केला. तो ‘एचआरपीएक्स’ या दुसऱ्या नियामकास उठवितो, आणि मग नळीचीं व विषारी द्रव्यांचीं जनुकें कामास लागतात. बारामतीजवळ माळेगांव खुर्द येथें २००९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था पिकांवरील ताणाचा अभ्यास करिते; परंतु ताण जंतूसही पडतो, आणि त्या ताणांतच तो शस्त्र उपसतो, हें आपण ध्यानीं धरावें.

यावरून बोध काय? जंतु आंत शिरल्यावर वरून मारलेली फवारणी त्याच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. म्हणून लढाई दाराशींच केली पाहिजे. पर्णरंध्रें आणि जखमा हीं त्याचीं दारें. पावसाचे उडणारे शिंतोडे हें त्याचें वाहन. ज्यांस शक्य असेल त्यांनीं मृग बहाराऐवजीं हस्त बहार धरावा, म्हणजे फळें कोरड्या दिवसांत पोसतात. रोगट फांद्या व गळालेलीं पानें बागेबाहेर नेऊन जाळावीं. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जातांना जंतुनाशकांत बुडवावी. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद व १ किलो चुना १०० लिटर पाण्यांत, ताजें करून फवारावें.

हें एकट्यानें करून भागत नाहीं. शेजारच्या बागेंतील चट्टा कायम राहिला, तर वारापाऊस त्यांतील जंतु बांधापलीकडे आणून टाकील. यास्तव एका शिवारांतील बागाईतदारांनीं एकविचारानें हीं कामें करावीं, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.