औषध फुकट, मग आहाराचं काय?

आज आपण टी.बी.च्या पेशंटला आहारासाठी मिळणाऱ्या पैशांबद्दल बोलू.

टी.बी.ची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हे आपल्याला माहीत आहे. पण पोटात अन्न नसेल तर गोळ्या सोसत नाहीत, वजन वाढत नाही. म्हणून केंद्र सरकारने एप्रिल 2018 पासून निक्षय पोषण योजना सुरू केली. आधी महिन्याला 500 रुपये मिळायचे. नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये झाले. साधा टी.बी. असेल तर उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे एकूण 6,000 रुपये. निदान होऊन नोंद झाली की पहिले 3,000, आणि उपचाराचे 84 दिवस पूर्ण झाले की दुसरे 3,000. उपचार लांबला तर पुढेही महिन्याला 1,000 मिळतात.

याला जातीची, उत्पन्नाची अट नाही. खाजगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी हक्क आहे. मात्र त्या डॉक्टरने निक्षय पोर्टलवर नोंद केलेली हवी. ती झाली का, हे स्वतः विचारा.

पैसे थेट बँक खात्यात येतात, आणि अडतं ते इथेच. आमच्या गटातल्या एका ताईचं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलं होतं. नाव दवाखान्यात लागलं, पण पैसे काही येईनात. शेवटी आम्ही दोघी-तिघी तिच्यासोबत बँकेत गेलो, केवायसी केलं, आधार जोडलं. मग आशाताईंकडून खाते नंबर पुन्हा तपासून घेतला. तेव्हा कुठे पैसे आले.

आता आमची चूक सांगतो. त्या पैशांतून ताईने गटाचा थकलेला हप्ता भरला, आणि आम्ही तो घेतलाही! महिन्याभराने तिचं वजन तसंच, हे पाहून आमच्या लक्षात आलं. शेंगदाण्याचे पैसे आम्ही हप्त्यात घेतले होते. पुढच्याच बैठकीत आम्ही ठराव केला, की उपचार चालू असेपर्यंत आजारी सभासदाचा हप्ता पुढे ढकलायचा आणि दंड लावायचा नाही.

हे पैसे ताटात दिसले पाहिजेत. रोज डाळ, मटकी-हरभऱ्याची उसळ, शेंगदाणे-गूळ, जमेल तसं अंडं, दूध. आणि बाईने सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायचं, ही सवय निदान आजारपणात तरी मोडा.

आहाराचा फायदा घरच्यांनाही होतो. झारखंडमध्ये टी.बी. पेशंटच्या घरातल्या सगळ्यांना जादा शिधा देऊन पाहिला. 2023 साली निष्कर्ष आले. त्या घरांतल्या माणसांना नव्याने टी.बी. होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी दिसलं. निक्षय मित्र म्हणून नोंद केलेल्या व्यक्ती आणि संस्था असा शिधा देतात. आपल्या गावात कुणी आहे का, ते आरोग्य केंद्रात विचारा.

तर, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, वजन उतरत असेल, तर लपवू नका, थुंकी तपासा. पैसे अडले तर 1800-11-6666 या मोफत नंबरवर विचारा. आणि येत्या बैठकीत पासबुकं घेऊन या. कुणाचं खातं बंद आहे, ते आजारपण येण्याआधीच पाहू.