दोन कागद, दोन राज्यं

परवा कळव्याहून ठाण्याला रिक्षाने निघालो होतो. शेजारच्या वहिनी सोबत होत्या. त्यांच्या मांडीवर एक जाडसर लिफाफा.

"हे काय हो?" मी विचारलं.

"भावाने कागद पाठवलाय, गावच्या जमिनीचा. सही करून द्यायचीय."

"वाचलात का?"

"आपल्याच भावाचा कागद. त्यात काय वाचायचं?"

तेवढ्यात रिक्षाने खाडीवरचा पूल ओलांडला. पलीकडे पोर्तुगिजांचा जुना ठाण्याचा किल्ला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला. राज्य सातारच्या शाहू महाराजांचं, पण मोहीम चालवली पुण्याच्या पेशव्यांनी. त्या भिंतीकडे बघताना मला सांगोल्याचा कागद आठवला. वहिनींना रिक्षातच ती गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पेशवा हा आठांतला एक. शाहू महाराजांच्या काळात मात्र पेशवाई एकाच घरात राहिली. आधी बाळाजी विश्वनाथ, मग बाजीराव, मग नानासाहेब. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले. पोटी मुलगा नाही. तेव्हा महाराणी ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढे केलं आणि तो गादीवर बसला. लहानपणापासून दडवून वाढवलेला मुलगा. दरबाराचे डावपेच त्याला कुठून ठाऊक असणार? १७५० मध्ये सांगोल्याला करार झाला. कारभाराचे सगळे अधिकार पेशव्यांकडे गेले. राजाकडे उरला तो फक्त मान.

ताराबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या होत्या. ऐन तारुण्यात त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली होती. त्या गप्प बसतात होय! "पेशव्याला काढून टाक," असं त्यांनी नातवाला सांगितलं. तो ऐकेना, तेव्हा नोव्हेंबर १७५० मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. उमाबाई दाभाड्यांना हाक घातली, दमाजी गायकवाडांची फौजही आली, पण डाव फसला. शेवटी १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर शपथ घेऊन पेशव्यांशी समेट झाला. तिथे ताराबाईंनी जाहीर केलं, की रामराजा आपला खरा नातूच नव्हे! झालं. गादीची उरलीसुरली पतही गेली. आणि तो बिचारा राजा? कैदेत तो कैदेतच.

आता जरा लांब, रशियात जाऊ. सांगोल्याच्या वीसच वर्षं आधी तिथेही असाच एक कागद झाला होता. पण त्याआधी तिथल्या राजाकडे, म्हणजे झारकडे, एवढी सत्ता आली कशी?

१५४७ मध्ये मॉस्कोच्या चौथ्या इव्हानने 'झार' म्हणून राज्याभिषेक करून घेतला. बड्या सरदारांना वठणीवर आणायला १५६५ पासून त्याने काळ्या कपड्यांतली आपली खास माणसं सोडली. संशय आला, की जमीन जप्त, माणूस ठार. पुढे १६१३ मध्ये एका सभेने मिखाईल रोमानोव्हला झार निवडलं. पण गादी पक्की झाल्यावर ती सभा बोलावणंच हळूहळू बंद पडलं. १६४९ च्या कायद्याने शेतकऱ्याला जमिनीशी जखडून टाकलं. पळाला, तर कितीही वर्षांनी धरून मालकाच्या हवाली! सरदारांना हेच हवं होतं. रयत आपल्या मुठीत आली, म्हणून आपण झारच्या मुठीत गेलो तरी त्यांनी चालवून घेतलं.

मग आला पीटर. दाढी ठेवली तर कर, आणि गादीचा वारस कोण, हेही झारच ठरवणार. राज्याचा कारभार पाहणाऱ्या सावत्र बहिणीला, सोफियाला, त्याने १६८९ मध्ये मठात कोंडलं. नंतर बायकोलाही मठात पाठवलं. आणि याच पीटरने बड्या घरच्या बायकांना पडद्यातून बाहेर काढलं, मेजवान्यांना बोलावलं, तेही हुकूम काढून! बाहेर यायचं त्याच्या मर्जीने आणि कोंडून घ्यायचं तेही त्याच्याच मर्जीने.

१७३० मध्ये पीटरचा नातू, चौदा वर्षांचा झार, देवीच्या आजाराने गेला. दरबारातल्या मोजक्या बड्या मंडळींनी पीटरची विधवा पुतणी अॅना हिला गादी देऊ केली. सोबत अटींचा कागद दिला. आमच्या संमतीशिवाय युद्ध करायचं नाही, नवा कर बसवायचा नाही, लग्न करायचं नाही, वारस नेमायचा नाही. अॅनाने मुकाट्याने सही केली. मॉस्कोला येऊन बघते तर काय, बाकीचे सरदार त्या मंडळींवर चिडलेले. चार मालकांपेक्षा एक मालक बरा, असं त्यांना वाटत होतं. अॅनाने तो कागद भर दरबारात फाडला.

बाई गादीवर बसली म्हणून राज्य मायेचं झालं, असं मात्र नाही हं. तिने एका खानदानी सरदाराला विदूषक बनवलं, त्याचं लग्न लावलं आणि १७४० च्या कडाक्याच्या थंडीत त्या जोडप्याला बर्फाच्या घरात रात्र काढायला लावली. तिला कोण विचारणार? विचारण्याचा हक्क ज्या कागदावर होता, तो फाटला होता. निवडून आलेलं कायदेमंडळ रशियाला थेट १९०६ मध्ये मिळालं.

आपल्याकडे पेशव्यांच्या हाती झारसारखी सत्ता कधीच एकवटली नाही. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले आपापल्या जागी जबरदस्त होते. पण सांगोल्याला गेलेले अधिकार सातारच्या गादीला पेशव्यांनी परत दिले नाहीत, हेही तितकंच खरं.

मैत्रिणींनो, सत्ता दर वेळी तलवारीनेच जाते असं नाही. पुष्कळदा ती घरातल्याच माणसाने पुढे केलेल्या कागदावर जाते. सरपंचबाई ठरावावर सही करतात आणि कारभार यजमान बघतात, तिथेही हेच होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क भावाला सोडायचा असेल, तर खुशाल सोडावा. पण काय सोडतोय हे कळून तरी सोडावा. नोंदणी झालेला कागद मागाहून फिरवणं फार अवघड असतं. अॅनासारखा तो फाडून मोकळं होता येत नाही.

ठाणे स्टेशन आलं. वहिनींनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'हक्कसोडपत्र' असं लिहिलेलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग भावाला फोन लावला.

"दादा, कागद मिळाला रे. सगळा वाचते, ह्यांनाही दाखवते. मग सांगते तुला."

आवाजात राग नव्हता, भांडण नव्हतं. लिफाफा मात्र त्यांनी परत पर्समध्ये घातला.